हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी: न फुटता, न तडकता, क्रमाने कसं करायचं

डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, शेंगोळे (हुलग्याच्या म्हणजे कुळथाच्या पिठाच्या, रश्श्यात शिजवलेल्या वळ्या) केले आणि पातेल्यात त्याचं पिठलं झालं. किंवा झाले अख्खे पण आत कच्चं पीठ राहिलं. भाकरीची तर थापतानाच कड फाटली. अशांना रेसिपी विचारली की घडाघडा बरोबर सांगतात, मसाले बरोबर, प्रमाण बरोबर, लहानपणी आजीने केलेलं शंभरदा खाल्लेलंही असतं. चुकतो तो क्रम आणि पाण्याचं तापमान. हुलगा काय किंवा बाजरी काय, दोन्हीत गव्हाचा चिकटपणा नाही, त्यामुळे पीठ धरून ठेवायचं काम उकळतं पाणी करतं आणि नेमकं तिथेच लोक कोमटावर भागवतात. मसाल्याचं नंतर बघू, आधी पीठ आणि पाणी.

खालचं प्रमाण चार माणसांचं आहे. वाटी म्हणजे १५० मिलीची, आमटीची नेहमीची. पहिल्यांदा करत असाल तर दीड तास हाताशी ठेवा आणि रात्री नऊला भूक लागल्यावर सुरू करू नका, चिडचिड होईल.

आधी सामान काढून ठेवा

शेंगोळ्यांसाठी: हुलग्याचं पीठ २ वाट्या, कणीक अर्धी वाटी, लसूण १८-२० पाकळ्या, हिरव्या मिरच्या ४-५, जिरं दीड चमचा, ओवा अर्धा चमचा, हळद, हिंग, लाल तिखट किंवा घरातला रोजचा तिखट मसाला, कोथिंबीर, दाण्याचा कूट २ मोठे चमचे (ऐच्छिक, मी घालते), तेल, मीठ.

भाकरीसाठी: बाजरीचं पीठ ३ वाट्या आणि थापायला वर एक वाटी, मीठ चिमूटभर, पाणी. बस.

भांडी: मोठं जाड बुडाचं पातेलं, किमान ३ लिटरचं. हे आत्ताच सांगते कारण कडधान्याच्या पिठाचं पाणी उकळताना जबरदस्त फेसाळतं आणि दीड लिटरच्या कढईत केलंत तर अर्धा रस्सा गॅसवर जाईल. परात, लोखंडी तवा, उलथनं, चिमटा, आणि भाकरीवर पाणी फिरवायला एक वाटी पाणी व स्वच्छ फडकं.

टप्पा १: पीठ (आठवडाभर आधी)

हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ, दाणा तोच. पण कोकणातून येणारी कुळथाची पिठी आणि देशावर शेंगोळ्यांसाठी दळतात ते पीठ यात फरक असतो, आणि निम्म्या लोकांचे शेंगोळे इथेच फुटतात. पिठीसाठी कुळीथ चांगले खरपूस भाजून, भरडून, सालं पाखडून मग दळतात. पिठल्याला ती झकास. पण भाजलेल्या पिठाला चिकटपणा कमी, त्याच्या वळ्या केल्या की मोडतात. शेंगोळ्यांना कच्च्या किंवा जेमतेम शेकलेल्या हुलग्याचं पीठ हवं.

घरी दळून आणायचं असेल तर असं करा. हुलगे आधी निवडा आणि मग पाण्यात रोळून घ्या, कारण यातले खडे हुलग्याच्याच रंगाचे असतात आणि ताटात नुसते निवडून सगळे सापडत नाहीत. रोळलेले हुलगे कापडावर पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवा. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. मग कढईत मंद आचेवर फक्त हाताला चटका बसेल इतपत गरम करा, रंग बदलू द्यायचा नाही. गिरणीवाल्याला सांगा की डाळीच्या चक्कीवर काढ आणि बारीक काढ. मिरची किंवा मसाला दळल्यावर लगेच आपला डबा लावू देऊ नका.

विकतची कुळथाची पिठीच मिळाली असेल तर फेकू नका, फक्त कणीक अर्ध्याऐवजी पाऊण वाटी घ्या.

बाजरीचं वेगळंच. बाजरीत स्निग्धांश ज्वारी-गव्हापेक्षा जास्त, साधारण ५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे दळल्यावर पीठ लवकर खवट होतं आणि भाकरी कडू लागते. थंडीत बाहेर आठ-दहा दिवस, त्यापुढे नको. एकदम पाच किलो दळून आणण्यापेक्षा किलोभर आणा. जास्तीचं आलंच तर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा.

तपासा: चिमूटभर कोरं पीठ जिभेवर ठेवा. बाजरीची हलकी मातकट गोडसर चव आली तर ठीक. घशात मागे कडवटपणा राहिला तर त्या पिठाला कुठलाच उपाय नाही, तूप ओतलं तरी कडू ते कडूच. परदेशात राहणाऱ्यांनी तर हे जरूर बघा, इंडियन स्टोअरमधलं बाजरीचं पाकीट किती महिने शेल्फवर होतं ते वासावरूनच कळतं, तारीख बघून नाही.

टप्पा २: वाटण

लसूण, मिरच्या, जिरं आणि एक चमचा मीठ खलबत्त्यात ओबडधोबड कुटून घ्या. मिक्सर चालेल पण पाणी न घालता दोनदा फक्त फिरवा आणि थांबा. गुळगुळीत पेस्ट झाली की तिचं पाणी पिठात जातं आणि मग पीठ सैल का झालं हे कळत नाही.

या वाटणाचे दोन भाग करा. अर्धा पिठात, अर्धा फोडणीत. सगळं वाटण रश्श्यात घालायचं आणि पीठ कोरं मळायचं ही फार पाहिलेली चूक आहे. असे शेंगोळे बाहेरून झणझणीत आणि आतून नुसतं उकडलेलं पीठ लागतात. रस्सा आत फारसा मुरत नाही, आतली चव मळतानाच द्यावी लागते.

घरात लहान मुलं असतील तर वाटणात मिरची दोनच घ्या आणि तिखट नंतर मोठ्यांच्या वाटीत वरून द्या.

टप्पा ३: शेंगोळ्यांचं पीठ मळणं

परातीत हुलग्याचं पीठ, कणीक, वाटणाचा अर्धा भाग, ओवा हातावर चोळून, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा मीठ (वाटणात मीठ आहे हे विसरू नका), बारीक चिरलेली कोथिंबीर आणि एक मोठा चमचा तेल. आधी कोरडंच नीट चोळून घ्या म्हणजे लसूण सगळीकडे लागेल.

मग पाणी. गरम पाणी, हाताला सोसेल इतपत, आणि थोडं थोडं. एकूण साधारण पाऊण ते एक वाटी लागतं पण पीठ किती जुनं, किती बारीक यावर बदलतं म्हणून सगळं एकदम ओतायचं नाही. पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट हवं. तळहाताच्या मुळाने जोर लावून पाच-सात मिनिटं मळा. सुरुवातीला भुगा भुगा वाटेल आणि पाणी घालायचा मोह होईल, घालू नका, नुसतं मळत राहा, हुलगा पाणी सावकाश पितो. झाकून पंधरा मिनिटं ठेवा.

तपासा: गोळ्यातून थोडं पीठ घेऊन दोन तळव्यांत वळी करा आणि ती बोटाभोवती वाकवा. बारीक चिरा पडल्या तर चालेल. दोन तुकडे झाले तर पाण्याचा एक हात लावून परत मळा. वाकली पण हाताला चिकटून राहिली तर सैल झालंय, चमचाभर कोरडं पीठ लावा.

या गोळ्यातून मोठ्या लिंबाएवढं पीठ बाजूला काढून वाटीत ठेवा. ते टप्पा ६ मध्ये लागणार आहे, त्याच्या वळ्या करून टाकू नका.

टप्पा ४: वळणं

इथे घराघरात भांडणं. जुन्नर-नगरकडे वळी करून तिचं वेटोळं करतात, कुणी दोन टोकं जोडून कडं करतं, कुणी नुसत्याच बोटभर लांब वळ्या सोडतं, आणि प्रत्येकाला वाटतं आपलेच खरे शेंगोळे. आकार कुठलाही ठेवा, जाडी मात्र सांभाळा. करंगळीपेक्षा जाड नको. अंगठ्याएवढे जाड केले की बाहेरचं विरघळायला लागतं तरी आतलं कच्चंच. आणि सगळे एकाच जाडीचे हवेत, मुलांना मदतीला घेतलंत तर त्यांनी केलेल्या पेन्सिली आणि मुसळं वेगवेगळी काढा, मुसळं परत वळा.

तळव्याला तेलाचा नुसता पुसट हात लावून, पोळपाटावर किंवा दोन तळव्यांत वळा. तेल जास्त झालं की वळी घसरते, लांबतच नाही. झालेले शेंगोळे ताटात सुटे सुटे मांडा, ढीग नको, ढीग केला की खालचे चिकटतात. वर ओलं फडकं टाकू नका, कोरडं चालेल. दहा मिनिटं हवेला राहून वरून किंचित सुकले तर उलट चांगलं, पाण्यात पडल्यावर कमी सुटतात.

टोकं जोडताना नीट दाबा. नुसती एकमेकांवर ठेवली तर उकळीत उघडतात, बिघडत काही नाही पण ताटात कडी न दिसता अळ्या दिसतात.

टप्पा ५: फोडणी आणि आधण

शेंगोळे सगळे वळून झाल्याशिवाय गॅस पेटवू नका. फोडणी आधी करून ठेवायची, पाणी उकळत ठेवायचं आणि घाईघाईत वळत एकेक सोडायचा, यात पहिल्या आणि शेवटच्या शेंगोळ्यात वीस मिनिटांचा फरक पडतो. मग पहिले मेण आणि शेवटचे कच्चे.

पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, जिरं, हिंग, उरलेलं वाटण. लसूण बदामी होईपर्यंत मध्यम आचेवर परता, काळा झाला तर रस्सा कडू, तेव्हा ती फोडणी फेकून द्या आणि परत करा, पाणी घालून कडूपणा जाईल या आशेवर राहू नका. हळद, तिखट किंवा मसाला दोन चमचे घाला आणि घातल्या घातल्या अर्धी वाटी पाणी, म्हणजे तिखट जळत नाही. तेल सुटलं की ८ वाट्या पाणी आणि चवीचं मीठ. पाणी जास्त वाटेल. शेंगोळे ते पितात, आणि हे जेवण दाट पण वाटीत ओतता येईल असंच हवं.

मोठ्या आचेवर खळखळ उकळी येऊ द्या. कडेने बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे, मधोमध उसळलं पाहिजे.

तपासा: एकच शेंगोळा सोडा आणि दोन मिनिटं बघा. अख्खा राहिला तर बाकीचे सोडा. कडा सुटून पाणी गढूळ झालं तर पीठ सैल आहे, उरलेल्या शेंगोळ्यांचा गोळा करून दोन चमचे कणीक मळा आणि परत वळा. कटकट आहे, पण अख्खं पातेलं घालवण्यापेक्षा बरी.

टप्पा ६: सोडणं आणि शिजवणं

पाच-सहा शेंगोळे सोडा, पाणी परत उसळू द्या, मग पुढचे पाच-सहा. सगळे एकदम ओतले की पाणी थंड पडतं, आणि थंड पडलेल्या पाण्यात कच्चं पीठ सुटायला लागतं. उकळत्या पाण्यात वरचा थर लगेच शिजून घट्ट होतो आणि आतलं धरून ठेवतो.

सगळे सोडून झाले की पहिली सात-आठ मिनिटं डाव घालायचा नाही. अजिबात नाही. तळाला लागेल अशी भीती वाटत असेल तर पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून हलकेच गोल हलवा. शेंगोळ्यांचं पिठलं होतं ते बहुतेक वेळा याच सात मिनिटांत, आणि तेही प्रेमापोटी ढवळून.

झाकण पूर्ण ठेवू नका, फेस वर येऊन उतू जातं. अर्धं झाका आणि आच मध्यम करा. आठ मिनिटांनी कडेने डाव घालून एकदा हळूच वर-खाली करा. पंधराव्या मिनिटाला ते बाजूला ठेवलेलं लिंबाएवढं पीठ एक वाटी पाण्यात हाताने कुस्करून, गुठळ्या मोडून, रश्श्यात ओता. दाण्याचा कूट घालायचा तर आत्ताच. रस्सा याने मिळून येतो, नुसतं आटवून तो दाटपणा येत नाही.

आणखी आठ-दहा मिनिटं. म्हणजे एकूण पंचवीसच्या आसपास.

तपासा: एक शेंगोळा काढून मधोमध कापा. आत रंग सगळीकडे सारखा हवा. मध्ये फिकट कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं, रस्सा आटला असेल तर गरम पाणी घाला, गारढोण नळाचं नाही.

कुकरमध्ये करू का, हा प्रश्न हमखास येतो. नका करू. शेंगोळे एकमेकांवर दबून बसतात, शिट्टीतून फेस उडतो, आणि आतलं काही बघता येत नाही, वीस मिनिटं वाचवून साफसफाईत चाळीस जातात.

टप्पा ७: बाजरीची भाकरी (शेंगोळे शिजत असतानाच)

भाकरी गरम तव्यावरून थेट ताटात गेली पाहिजे, म्हणून ती शेवटी. शेंगोळे सगळे पाण्यात पडले की दुसऱ्या गॅसवर भाकरीचं पाणी ठेवा.

ज्यांचा हात बसलाय त्या बायका एकेका भाकरीचं पीठ वेगळं भिजवतात, गरम पाणी घालून मळलं की लगेच थापलं. नवशिक्यांनी मात्र उकड काढावी. सव्वादोन वाट्या पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळवा, गॅस बंद करा, ३ वाट्या पीठ एकदम घालून उलथन्याच्या टोकाने ढवळा आणि पाच मिनिटं घट्ट झाकून ठेवा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकट होतो, त्यालाच विरी म्हणतात. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, म्हणून जुन्या पिठाला उकड हाच मार्ग, आणि तोही पुरेल याची खात्री नाही.

उकड परातीत घ्या, अजून गरम असतानाच कोमट पाण्याचा हात लावत मळा. तळहाताच्या मुळाने पुढे रगडायचं, गोळा करायचं, परत रगडायचं. एका उंड्याला दोन मिनिटं तरी द्या. भाकरी कडेने फाटण्याचं पहिलं कारण कमी मळणं, दुसरं कारण कोरडं पीठ, जुनं पीठ तिसऱ्या नंबरवर येतं. लोक पहिल्याच फटक्यात पिठाला दोष देतात.

तपासा: उंडा तळव्यावर दाबून चपटा करा. कडा गुळगुळीत राहिल्या तर थापा. चिरा पडल्या तर ओल्या हाताने आणखी मळा.

आता थापणं. परातीत बाजरीचंच कोरडं पीठ पसरा, उंडा चपटा करून ठेवा, वरूनही पीठ भुरभुरवा. बोटांनी आणि तळव्याने थापत, प्रत्येक थापेसरशी भाकरी किंचित फिरली पाहिजे. फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटलीय, लगेच कड उचलून खाली पीठ टाका. एका हाताने थापा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कड आवळत राहा. मधे पातळ आणि कडेला जाड झाली की ती फुगत नाही, उलट मध्ये भोक पडतं. बाजरीची भाकरी ज्वारीएवढी पातळ थापायला जाऊ नका, चपातीच्या दुप्पट जाड ठेवली तरी चालते.

थापायला जमतच नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या कागदात ठेवून हलक्या हाताने लाटा. कुणी बघायला येत नाही. भोगीला करत असाल तर शेवटच्या दोन थापा तीळ पसरून त्यावर द्या म्हणजे तीळ रुततात, नुसते वरून टाकले तर तव्यावरच राहतात.

तवा आधीच चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून गेला पाहिजे. भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून तव्यावर टाका, परातीकडची पिठाची बाजू वर. लगेच त्या वरच्या बाजूवर ओल्या फडक्याने किंवा हाताने सगळीकडे, अगदी कडेपर्यंत, पाणी फिरवा. सगळ्यात नाजूक मिनिट हेच.

- पाणी अजून तळ्यासारखं दिसतंय: उलटू नका, तव्याला चिकटेल.
- चमक गेली पण हात लावला तर ओलसर: आत्ता उलटा.
- पूर्ण पांढरं सुकून चिरा दिसायला लागल्या: उशीर झाला, ही भाकरी फुगणार नाही, चवीला ठीक लागेल. पुढची बघा.

उलटल्यावर ही ओली बाजू तव्यावर नीट भाजू द्या, मध्यम-मोठ्या आचेवर, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा उतरवून, जी बाजू पहिल्यांदा थोडाच वेळ तव्यावर होती ती थेट आचेवर धरा. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. फुगत असताना उलथन्याने टोचायचं नाही, भोक पडलं की वाफ गेली. चुलीवर हे निखाऱ्याला टेकवून होतं आणि त्याची चव वेगळीच येते, पण गॅसवरही पापुद्रा सुटतो, उगाच चुलीवाचून अडून बसू नका. इंडक्शन किंवा काचेची शेगडी असेल तर आचेची सोय नाही, तिथे भाकरी परत तव्यावरच उलटून सुक्या फडक्याने कडेकडेने दाबा, फुगलेला भाग दाबत दाबत पुढे सरकतो.

थापताना कड फाटलीच तर ओल्या बोटाने चिमटून घ्या. तव्यावर टाकल्यावर मात्र दुरुस्ती नाही.

तयार भाकऱ्या एकावर एक रचून डब्यात कोंडू नका, वाफेने ओल्या होतात. टोपलीत किंवा जाळीवर, सुती कापडात सैलसर.

टप्पा ८: वाढणं

शेंगोळे गॅस बंद करून पाच मिनिटं तसेच राहू द्या. लगेच वाढले तर रस्सा पातळ वाटतो आणि आपण घाबरून अजून आटवतो, मग ताटात येईपर्यंत लगदा. पाच मिनिटांनीही पातळ असेल तरच उकळा.

भाकरी ताटात कुस्करून वर शेंगोळे आणि रस्सा ओतून कालवून खायचं, की भाकरीचा तुकडा मोडून लावून खायचं, ज्याचं त्याने बघावं. माझं मत कुस्करून, आणि वरून कच्चं तेल किंवा तूप, सढळ हाताने. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबू, हवा तर लसणाची कोरडी चटणी. भाकरीला लोण्याचा गोळा असेल तर आणखी काही लागत नाही. भाजी वगैरे करत बसू नका, शेंगोळ्यांच्या जेवणाला दुसरी भाजी म्हणजे हातचं काम वाढवणं.

रात्री उशिरा जेवत असाल तर जरा आवरूनच खा, हुलगा आणि बाजरी दोन्ही पोटाला जड आहेत. पहिल्यांदा खाणाऱ्या लहान पोराला दोन-तीन शेंगोळे आणि रस्सा जास्त, इतकंच द्या.

जोडीला: उरलेल्या पिठाचं माडगं

सर्दीने नाक बंद झालं की घरोघरी हे गरम, पातळ, गोड पेय मिळायचं, आणि करायला दहा मिनिटं लागतात. फक्त एका गोष्टीत लोक हटकून चुकतात, ती म्हणजे दूध.

दोन मोठे चमचे हुलग्याचं पीठ कोरडंच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा (शेंगोळ्यांना भाजायचं नव्हतं, माडग्याला भाजायचंच, नाहीतर कच्चट लागतं). गार झालं की अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा, गरम पाण्यात कालवलं की गुठळ्या होतात. दोन वाट्या पाणी, तीन चमचे गूळ, पाव चमचा सुंठ उकळायला ठेवा, गूळ विरघळला की कालवलेलं पीठ धार धरून ओतत सतत ढवळा. सहा-सात मिनिटं उकळा. गॅस बंद करा. दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच अर्धी वाटी कोमट दूध घाला. उकळत्या गुळाच्या पाण्यात दूध घातलं की ते फाटू शकतं, आणि मग लोक गुळाला नावं ठेवतात. दूध घातल्यावर परत गॅसवर ठेवायचं नाही.

उरलं तर

शेंगोळे रात्रभरात रस्सा पिऊन घट्ट होतात. फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी एक-दीड वाटी उकळतं पाणी घालून मंद आचेवर गरम करा आणि ढवळायचं असेल तर कडेने. मीठ परत बघा, पाणी वाढल्यावर ते कमी पडतं. बऱ्याच घरांत दुसऱ्या दिवशीचे जास्त आवडीने खातात.

शिळी भाकरी हाताने बारीक चुरून घ्या, मिक्सरला लावली की पीठ होतं. तेलात मोहरी, हिंग, भरपूर कांदा, मिरची, हळद, मग चुरा, मीठ, पाण्याचा एक हबका आणि तीन मिनिटं झाकण. चुरा खूप कोरडा असेल तर हबके दोन मारा, पण एकदम ओतू नका.